आज: शेवाळ

स्नेहलतागंजातल्या त्या घराच्या फाटकाला एक पाटी टांगलेली असे. शाळेतल्या पोरांची असते तशीच, दगडी, लाकडी चौकटीची. मी खोली बघायला गेलो त्या दिवशी तिच्यावर खडूनं लिहिलं होतं, ‘आज: शेवाळ.’

मला वाटलं, आत कुणी वैद्य राहत असावेत आणि आज शेवाळाचा काढा मिळत असावा. त्या दिवसांत मला पित्ताचा त्रास होता. ओसरीवर एक उंच, वाळके गृहस्थ आडकित्त्यानं सुपारी कातरत बसले होते. मी नमस्कार करून म्हणालो, "खोलीचं मागाहून बोलू. आधी थोडं शेवाळ द्या."

त्यांनी आडकित्ता खाली ठेवला. मग आत तोंड करून म्हणाले, "अगं, खोली गेली."

आतून काकूंचा आवाज आला, "कोण आहेत? काय करतात?"

"ते नाही विचारलं. पण पाटी वाचून आत आलेत. इतक्या वर्षांत पहिलेच."

अशी मला इंदुरात खोली मिळाली. मी तेव्हा बांधकाम खात्यात कारकून होतो, आणि मध्यभारत राज्य माझ्यापेक्षाही नवखं होतं. बायको देवासला माहेरी परीक्षेचा अभ्यास करत होती. घरमालक होळकर दरबारच्या वेळचे ओवरसियर. उभी नोकरी मालव्यातल्या विहिरी खणून घेण्यात गेलेली. सगळा मोहल्ला त्यांना ओवरसियरसाहेब म्हणे, मीही तेच म्हणू लागलो. खोलीचं भाडं माफक होतं, मात्र वर एक अट होती. रोज सकाळी पाटी मी लिहायची. त्यांचा हात आता थरथरत असे आणि खराब अक्षर पृथ्वीला शोभत नाही, असं त्यांचं म्हणणं.

हो, पृथ्वीला. पाटी तिचीच होती.

प्रकार असा. पृथ्वीचं वय त्या काळच्या इंग्रजी पुस्तकांत साधारण साडेतीनशे कोटी वर्षं दिलेलं असे. (आता म्हणे ते साडेचारशे कोटी झालंय. साहेब असते तर कुरकुर न करता त्यांनी एका दुपारीत सगळं नव्यानं मांडलं असतं.) आणि आपलं पंचांगाचं वर्ष तीनशे चोपन्न दिवसांचं. म्हणजे पृथ्वीचं सगळं आयुष्य एका वर्षात बसवलं, तर एक दिवस जवळजवळ एक कोटी वर्षांचा होतो. "इतका सोपा भागाकार आपल्यासाठी ठेवलेला होता," ते म्हणत, "आणि इंग्रज तीनशे पासष्टनं भागत बसले."

तेव्हा पाडव्याच्या सूर्योदयाला पृथ्वी जन्माला येई. चैत्रभर ती तापलेली. वैशाखात कवच धरायची, ज्येष्ठात पाऊस, समुद्र. आषाढात कधीतरी समुद्रात शेवाळ दिसू लागे. आणि मग शेवाळ. श्रावणात शेवाळ, गणपतीत शेवाळ, दसऱ्याला शेवाळ, दिवाळीला शेवाळ. पौष संपेपर्यंत रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी मी सुवाच्य अक्षरात एकच शब्द लिहीत असे, आणि आदल्या दिवशीचा तोच शब्द आधी ओल्या फडक्यानं पुसत असे. तो न पुसता तसाच ठेवावा, असं मी एकदा सुचवून पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "कालचं शेवाळ वेगळं."

दूधवाला रोज फाटकाशी सायकल टेकवून विचारी, "भिया, आज दुनिया में क्या हुआ?"

"काई."

"अभी तक काई? कल भी तो काई थी!"

ओसरीवरून उत्तर जाई, "उससे कहो, जल्दी किसको है?"

घाई कुणाला आहे, हे त्यांचं पालुपद होतं. भाजीत मीठ कमी पडलं, पेन्शन उशिरा आलं, माझी बढती हुकली, सगळ्यावर हाच लेप. कार्तिकातल्या एका सकाळी शेवाळाचा मला इतका कंटाळा आला की मी लिहून टाकलं, ‘आज: हत्ती.’ संध्याकाळी परत आलो तर साहेब फाटकाशी फडकं घेऊन उभे. ओरडले नाहीत. मला ओसरीवर बसवून शांतपणे म्हणाले, "हत्ती फाल्गुन अमावास्येला येतो. तुम्ही त्याला चार महिने आधी बोलावलंत. तो खाईल काय? गवत कुठे आहे?"

मी मनापासून ओशाळलो. रात्री जेवताना मला खरोखर त्या हत्तीची काळजी वाटली.

माघ उजाडला की मात्र पाटीवर गर्दी होई. शिंपले, मासे, मग जमिनीवर झाडं. फाल्गुनात अजस्र सरडे. होळी त्यांच्या भर राज्यात पेटे. रंगपंचमीला पृथ्वीवर पहिली फुलं फुलत. सगळं शहर गेरमध्ये, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीत, भिजत असताना साहेब एका तांब्यात जास्वंदीचं एक फूल घालून फाटकाशी खुर्ची टाकून बसत. गेरहून परतणारी मंडळी त्यांना, फुलाला आणि माझ्या पाटीला सारखीच रंगवून जात. "बरोबर आहे," ते तोंडावरचा गुलाल पुसत म्हणत, "आजच्याच दिवसाला रंग आले."

आणि माणूस? तो अमावास्येच्या पहाटे, पाडवा उजाडायला दोन-तीन तास असताना. शेती दीड मिनिट आधी. राजे, लढाया, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, कापडगिरण्या सगळं त्या शेवटच्या मिनिटातलं. आख्खी होळकरशाही दोन सेकंदांची. "आणि आपलं मध्यभारत?" मी एकदा सरकारी नोकराच्या अभिमानानं विचारलं.

"चुटकी वाजवा," ते म्हणाले. मी चुटकी वाजवू लागलो तसे घाईनं म्हणाले, "अहो, एवढा वेळ नको! चुटकी वाजवायचा नुसता विचार करा. झालं तुमचं राज्य. आणि एवढ्यात त्याच्या दोन राजधान्या, सहा महिने इथं आणि सहा ग्वाल्हेरला."

काकू पोह्यांची बशी ठेवत म्हणाल्या, "यांच्या मते आमचं लग्न होऊन अजून अर्धा सेकंदसुद्धा झालेला नाही. मला मात्र बराच वेळ झाल्यासारखं वाटतं."

वर्षातला साहेबांचा खरा सण मात्र पाडवाही नव्हता आणि रंगपंचमीही नव्हती. तो होता फाल्गुन वद्य नवमी, पाडव्यापासून तीनशे अठ्ठेचाळिसावा दिवस. त्या दिवशी मालव्यात लाव्हा वाहिला. आपण ज्या काळ्या दगडावर राहतो तो त्या दिवसाचा. "त्या दगडाची काळी माती झाली. माती होती म्हणून कापूस, कापूस होता म्हणून गिरण्या, गिरण्या होत्या म्हणून तुम्ही-आम्ही इथं," हे ते एका श्वासात म्हणून दाखवत.

याचा पुरावा त्यांच्या परसात होता. त्यांनी स्वतः खणून घेतलेली विहीर. कडेनं उतरत्या दगडी पायऱ्या, आणि आत खोलवर काळ्या खडकाच्या मध्ये वीतभर जाडीचा लाल मातीचा पट्टा. एरवी तो पाण्याखाली असे. फाल्गुनाच्या अखेरीस पाणी खाली जाई आणि पट्टा उघडा पडे. साहेब म्हणत की एकदा लाव्हा वाहिला, थंड झाला, त्याच्यावर ऊनपाऊस पडून माती झाली, कदाचित झाडंही उगवली असतील. मग वरून पुन्हा लाव्हा आला. मधल्या त्या सवडीची भाजून लाल झालेली माती म्हणजे हा पट्टा. नवमीला ते खाली उतरून त्याच्यावर हात ठेवत आणि वर येऊन जेवत. मला दर वेळी बोलावत. मी काठावरूनच नमस्कार करी. विहिरीत डोकावलं की मी आपोआप दोन पावलं मागे सरतो.

ही विहीर जायची वेळ आली, आणि ती वाचवण्याचं काम मी अंगावर घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं.

झालं असं की माझ्या तिथल्या तिसऱ्या संक्रांतीच्या सुमाराला नगरपालिकेचा जमादार नोटीस घेऊन आला. मोहल्ल्यात नळ आले होते, पडीक विहिरींत डास होत होते, त्या पाडव्याच्या आत बुजवायच्या होत्या. त्यात गैर काही नव्हतं. डास आम्हालाही चावत. पण साहेबांनी नोटीस तीनदा वाचली आणि त्या दिवशी सुपारी कातरली नाही. घाई कुणाला आहे, हेही म्हणाले नाहीत. पहिल्यांदाच घाई दुसऱ्या कुणालातरी होती.

जमादारानंच वाट सांगितली. बांधकाम खात्याच्या मोठ्या साहेबांनी विहीर पाहून ‘राखण्याजोगी’ असं लिहून दिलं, तर नोटीस मागे घेता येईल. मोठे साहेब म्हणजे माझेच साहेब! मी छाती पुढे काढून म्हणालो, "एवढंच ना? नवमीला घेऊन येतो."

मोठे साहेब ग्वाल्हेरकडचे, सज्जन आणि चौकस. लाल पट्ट्याची गोष्ट ऐकून म्हणाले, "ज़रूर देखेंगे. तारीख बताइए."

आता तारीख काढणं म्हणजे माझ्या हातचा मळ. तीनशे अठ्ठेचाळिसावा दिवस हे मला पाढ्यासारखं पाठ होतं. जुन्या सरकारी डायरीत पाडव्यावर बोट ठेवलं, एकेक दिवस मोजत नव्या डायरीत शिरलो, आणि तीनशे अठ्ठेचाळिसाव्या पानावर तांबड्या पेन्सिलीनं फुली मारली. पंचांगात पाहिलं तर तिथी खरंच वद्य नवमी! माझ्या अचूकपणाचं मलाच कौतुक वाटलं. तिथीच्या वर महिनाही छापलेला असतो, तिकडे कोण बघतो? घरी येऊन सांगितलं, "नवमी ठरली." साहेबांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

तो दिवस आला. मी सकाळी पाटी लिहिली, ‘आज: मासे. जमीन ओसाड.’ खडू ठेवला, हात झटकले आणि लाव्हा बघायला मोठ्या साहेबांना आणायला गेलो. स्वतःच्या हातानं मासे लिहून! पाटी टांगायला फाटकापर्यंत अडतीस पावलांचं अंगण ओलांडलं. त्यातल्या एकाही पावलाला मला शंका आली नाही.

जीप फाटकाशी थांबली. मोठ्या साहेबांनी पाटी वाचली. "मासे मतलब मछली न? भाई, मैं तो शाकाहारी हूँ."

ओवरसियरसाहेब बनियनवर बाहेर आले. मोठ्या साहेबांना नमस्कार केला आणि माझ्याकडे वळले. "आज?"

"नवमी," मी म्हणालो.

"माघातली."

"पण पाडव्यापासून तीनशे अठ्ठेचाळीस..."

"यंदा भाद्रपद किती होते?"

मी बोटं मोजायला हात वर केला आणि तो तसाच राहिला. "दोन," मी म्हणालो.

त्या वर्षी अधिक भाद्रपद होता. तेरा महिन्यांचं वर्ष, तीनशे चौऱ्याऐंशी दिवसांचं. मी शेवटून मोजण्याऐवजी सुरुवातीपासून मोजत आलो होतो, आणि आख्खा महिना गिळून बसलो होतो.

दारातून काकू म्हणाल्या, "आणि धोंड्याच्या महिन्यात सासरहून तेहतीस अनारसे कोण घेऊन आलं होतं?"

मीच. जावयाचं वाण म्हणून चांदीच्या ताटात मिळाले होते. त्यातले अकरा देवास ते इंदूर या मोटारीतच संपवले होते. जो महिना मी खाल्ला होता, तोच मोजायला विसरलो होतो.

तरी सगळे परसात गेलो. त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता. विहिरीत काळंभोर पाणी होतं, त्यावर एक बेडूक होता, आणि लाल पट्टा त्या दोघांच्या खाली पुरुषभर खोल होता. मोठ्या साहेबांनी टॉर्च मारला. बेडकानं बुडी मारली. बेडूक गेला, बाकी काही बदललं नाही.

मोठे साहेब खरंच भला माणूस. टॉर्च खिशात ठेवून म्हणाले, "ओवरसियर साहब, पट्टी है न अंदर?"

"है."

"तो बात ख़त्म. मैं लिख देता हूँ कि देखी." आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

माझ्या जिवात जीव आला. विहीर वाचली, मी वाचलो. मी लगबगीनं माझीच डायरी त्यांच्यापुढे टेकायला धरली.

"नहीं साहब," ओवरसियरसाहेब म्हणाले.

"क्या नहीं?"

"आपने देखी नहीं है. तीस साल मैंने कुओं की माप लिखी. जिस कुएँ में उतरा नहीं, उसकी गहराई कभी नहीं लिखी. मेरे कुएँ के लिए आप वैसा मत लिखिए."

"अरे, आपका कुआँ चला जाएगा!"

"एक महीने बाद आइए, साहब. पानी उतर जाएगा."

"एक महीने बाद मैं ग्वालियर में हूँ."

ओवरसियरसाहेबांनी हात जोडले. मी त्यांच्या मागे उभा राहून खुणांनी, हातवाऱ्यांनी, शेवटी डोळ्यांनी त्यांना विनवलं. ते वळलेच नाहीत. मोठ्या साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. तो टक् आवाज मला अजून ऐकू येतो.

काकूंनी पोहे आणले. सगळ्यांनी खाल्ले. निघताना मोठ्या साहेबांनी वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "ओवरसियर साहब, मेरे दफ़्तर में आप जैसा एक आदमी होता." मग माझ्याकडे बघून उसासा टाकला, "हैं तो सब ऐसे."

दुसऱ्या दिवशी मी वळकटी बांधली. कुठल्या तोंडानं राहणार? साहेब खोलीच्या दाराशी आले, वळकटीकडे बघितलं. "कुठे निघालात?"

"दुसरी खोली बघतो."

"बघा. पण पाटी लिहून जा. मासे अजून आहेत." मग म्हणाले, "आणि चूक तुमची एकट्याची नव्हे. नवमी म्हणालात, तेव्हा कुठली ते मीच विचारायला हवं होतं. घाई मलाही झाली होती."

मी पाटी लिहिली. वळकटी सोडली.

फाल्गुन वद्य नवमीला जमादार माणसं आणि गाड्या घेऊन आला. दिवस साहेबांनीच निवडून दिला होता. पाणी उतरलं होतं. विहिरीच्या पोटात तो लाल पट्टा स्वच्छ दिसत होता, कुणी रंगाचा हात फिरवल्यासारखा. साहेब काठावर चपला काढत म्हणाले, "चला."

या वेळी नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. मी बसून बसून, एकेका पायरीवर कुल्ले टेकत, लहान मूल जिना उतरतं तसा उतरलो. वरून जमादाराची माणसं हसत होती. खाली थंड होतं. साहेबांनी माझं मनगट धरून पंजा त्या मातीवर टेकवला. माती ओलसर होती, बोटांखाली जराशी सुटली. वर काळा दगड, खाली काळा दगड.

"लागली?" त्यांनी विचारलं.

"लागली."

"मग आता पाहिली म्हणायला हरकत नाही." एवढंच बोलून ते वर चढू लागले.

भरायला सुरुवात झाली. जमादार म्हणाला, "बाबूजी, डाल देते हैं, भरना ही तो है." साहेबांमधला ओवरसियर जागा झाला. "ऐसे नहीं. पहले बड़ा पत्थर, फिर मुरूम, फिर मिट्टी. परत-परत से भरो, दबा के." तीन दिवस ते काठावर खुर्ची टाकून बसले आणि आपली विहीर नीट थरांनी बुजवून घेतली. तिसऱ्या दिवशी मुरूम पडत असताना मला म्हणाले, "तुमची ती डायरी आणा."

"सरकारी आहे हो. आतल्या नोंदी..."

"फुलीचं पान आहे ना त्यात?"

मी आणून दिली. पुठ्ठ्यावर मध्यभारत शासनाचा शिक्का होता. त्यांनी ती मेणकापडात गुंडाळली, दोरीनं बांधली आणि मुरुमाच्या थरावर अलगद सोडली. "पुढे कुणी खणलं तर त्याला कळायला हवं, या थरात कारकून होते." वर मातीच्या पाट्या पडल्या. ऑफिसात मी डायरी हरवल्याचा अर्ज केला. त्याचं उत्तर यायच्या आत, त्याच वर्षी, मध्यभारत राज्यच उरलं नाही. शिक्का गेला, ऑफिस भोपाळच्या वाटेला लागलं आणि माझा अर्ज कुठल्यातरी फायलीत तसाच राहिला. थर लागायला वेळ लागत नाही, हे मला तेव्हा कळलं.

पण ते पुढचं. विहीर बुजल्यानंतर पाचव्या दिवशी पाडवा होता. मी उजाडता उठलो. परसात जिथं विहीर होती तिथं ताज्या मातीचा गोल होता आणि काकू त्याच्यावर पाणी शिंपडत होत्या. साहेब आंघोळ करून, गुढी उभारून फाटकाशी थांबले होते. सूर्य वर आला. दूधवाल्यानं सायकल टेकवली आणि विचारलं, "क्यों बाबूजी, आज दुनिया में क्या हुआ?"

"आज पैदा हुई," साहेब म्हणाले.

त्यांनी पाटी स्वतः पुसली. जुन्या वर्षाची खडूची पांढरी धूळ सगळी निघेपर्यंत पुसली. मग मला मजकूर सांगितला आणि मी लिहिला, ‘आज: पृथ्वी तापलेली आहे. हात लावू नये.’

अक्षर जरा वाकडं आलं. साहेबांनी ते पाहिलं, चालेल अशी मान हलवली, आणि खडूची नवी पेटी माझ्या हातात देत म्हणाले, "यंदा अधिक महिना नाही. चुकायचं असेल तर दुसरं काहीतरी शोधा."